यंत्र आधी, विद्यालय मागाहून

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो असा, की महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना पुढील नोकरी-धंद्याच्या दृष्टीने संगणकाचे ज्ञान कसे मिळावे. हे ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "अहो, तुम्ही कधी महाविद्यालयाची पायरी तरी चढलात काय?" प्रश्न रास्त आहे. पायरी मी पुष्कळदा चढलो, पण ती तेथील शिपाई-कारकुनांच्या सभांसाठी. बाकावर बसण्यासाठी नव्हे. दहावी होताच कारखान्यात गेलो आणि पुढे संघटनेच्या कामात पडलो तो आजतागायत. जे काही वाचले ते नगरवाचनालयाच्या कृपेने. तेव्हा शिक्षणशास्त्र सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. परंतु नवे यंत्र आले म्हणजे ते शिकवतो कोण, शिकण्याचा खर्च कोणाच्या खिशातून जातो आणि शिकून झाल्यावर फळ कोणाच्या पदरात पडते, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले आहे. त्या बाजूने या विषयाचा जो इतिहास मला दिसला तो आपल्यापुढे ठेवतो.

हा इतिहास चाळताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. आपल्याकडे यंत्र आधी येते आणि ते शिकवणारे विद्यालय एक पिढी मागाहून येते. मधल्या पिढीला शिकल्यावाचून तर गत्यंतर नसते. ती शिकते, पण कोणाच्या तरी दारात उभी राहून, किंमत मोजून. संगणकाचे असेच झाले. पण संगणकाकडे वळण्यापूर्वी मला आपणांस थोडे मागे, गिरणीच्या भोंग्यापाशी न्यावयाचे आहे, कारण चाल तेथूनच पडली.

कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापूसगिरणीची कंपनी काढली ती १८५४ साली. दोन वर्षांनी ताडदेवला सूत निघू लागले. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. म्हणजे गिरणी आणि विद्यापीठ ही जवळजवळ जुळी भावंडे. पण भावंडांची एकमेकांशी ओळख नव्हती. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालेले हे विद्यापीठ आरंभी स्वतः शिकवीतच नसे. संलग्न महाविद्यालयांतील मुलांच्या परीक्षा घेई आणि पदव्या देई. जेथे परीक्षा हाच धर्म, तेथे कागदावर जे उतरते तेवढेच ज्ञान ठरते. तुटलेला धागा धावत्या चातीवर कसा सांधावा हे कागदावर उतरत नाही; मग ते ज्ञानच नव्हे, असा निकाल आपोआप लागला. आमच्या पांढरपेशा समाजाला तो सोयीचाही होता, कारण हाताला तेल लागणे ही आपल्याकडे जातीची गोष्ट होती.

इंग्रज सरकारला हाताचे शिक्षण देता येत नव्हते असे मात्र नाही. त्याच १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, कारण रस्ते-पूल बांधण्यासाठी सरकारला दुय्यम अधिकारी हवे होते. जेथे राज्यकर्त्याची गरज तेथे विलंब नाही. गिरणीकामगाराच्या शिक्षणाची गरज कोणालाच नव्हती. व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मुंबईत तंत्रविद्यालय स्थापन झाले ते १८८७ साली. आज आपण ज्याला व्हीजेटीआय म्हणतो तेच हे. गिरणीच्या कंपनीनंतर तेहतीस वर्षांनी! तोवर वरच्या जागांवर लँकेशायरहून आलेले साहेब बसले आणि खाली कामगार शिकला तो जॉबरकडून. चाळीतला कोणी काका-मामा साच्यावर असेल तर त्याच्या बाजूला बदली म्हणून उभे राहायचे, नजरेने शिकायचे, आणि जॉबरला दस्तुरी द्यायची. ही दस्तुरी म्हणजे लाच असे इतिहासकार लिहितात, ते खरेच आहे. मला मात्र ती शिकवणीची फीसुद्धा वाटते. विद्यालय नसले म्हणजे फी बुडत नाही. ती घेणारा तेवढा बदलतो.

दुसरे यंत्र टाइपरायटर. त्याची कथा आपल्यापैकी पुष्कळांना घरची आहे. १९१३ साली मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले आणि वाणिज्य हा विषय पदवीच्या योग्यतेला चढला. हिशेब, व्यापारी कायदा, अर्थशास्त्र असे सारे आले. पण कचेरीत प्रत्यक्ष ज्या यंत्रापुढे बसायचे त्याची विद्या बहुतांशी बाहेरच राहिली. ती शिकवली टायपिंग क्लासने. प्रत्येक तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतल्या एखाद्या अरुंद जिन्याच्या वर हा क्लास असे. सकाळी सहापासून तासातासाच्या तुकड्या. जुनी यंत्रे, झिजलेली अक्षरे, आणि बोटांना वळण लागेपर्यंत तीच ती चार अक्षरे पुन्हा पुन्हा बडवणे. महाविद्यालयाने मुलाला कालिदास आणि शेक्सपियर दिला. टायपिंगवाल्या मास्तरांनी त्याला भाकरी दिली. मुलींच्या बाबतीत तर या जिन्याचे उपकार मोठे आहेत. शिक्षिका आणि परिचारिका यांखेरीज तिसरा रस्ता पुष्कळ घरांतील मुलींना याच जिन्याने दाखवला.

या क्लासची फी माफक होती आणि परीक्षा सरकारी होती, ही त्याची जमेची बाजू. मिनिटाला मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्द, ही टंकलेखकाच्या नोकरीची अट लहानपणी पाढ्यासारखी कानावर पडे; लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातींत ती आजही दिसते. १९५५ साली गोदरेजने देशी टाइपरायटर बनवला, २००९ साली त्याचे उत्पादन थांबले. यंत्र गेले, कळफलक राहिला. मराठी टंकलेखन शिकलेली हजारो बोटे आज संगणकावरही त्याच जुन्या रेमिंग्टनच्या मांडणीने चालतात. हाताची विद्या किती चिवट असते पाहा.

आता मूळ विषयाकडे येतो.

भारतात पहिला संगणक आला तो १९५५ च्या अखेरीस, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. विलायती बनावटीचा, एचईसी-२एम नावाचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील तरुण मंडळींनी स्वतःचे यंत्र बांधले, ते १९६० मध्ये चालू झाले. व्यापारी कचेरीत संगणक बसला तो १९६१ साली, मुंबईतच, एस्सो या तेल कंपनीत. ही सारी यंत्रे संशोधकांची किंवा हिशेबनिसांची. विद्यार्थ्याला त्यांचे दर्शन व्हायचे ते काचेआडून.

अपवाद घडला कानपूरला. तेथील तंत्रज्ञान संस्थेला नऊ अमेरिकन विद्यापीठांच्या गटाचे साहाय्य होते. १९६३ च्या ऑगस्टमध्ये तेथे आयबीएम १६२० हे यंत्र बसले आणि ते शिकवण्याकरिता बसले, ही गोष्ट मी अधोरेखित करू इच्छितो. हॅरी हस्की हे अमेरिकन प्राध्यापक त्या वेळी तेथे आले होते. जगातील अगदी पहिल्या संगणकांवर काम केलेला हा माणूस. त्यांच्याबरोबर उभे राहिले वैद्येश्वरन राजारामन हे तिशीतले भारतीय अध्यापक. या मंडळींनी काय केले? अभियांत्रिकीच्या मुलांना यंत्रासाठी आज्ञावली लिहायला शिकवले, ती मुले स्थापत्याची असोत की यंत्रशाखेची. एवढ्यावर न थांबता त्यांनी दहा-दहा दिवसांचे वर्ग काढले आणि देशभरातून इतर महाविद्यालयांचे शिक्षक, प्रयोगशाळांतील संशोधक, कारखान्यांतील अभियंते यांना बोलावून घेतले. दहा दिवसांत फोरट्रॅन ही आज्ञाभाषा शिकून माणूस आपल्या गावी परत जाई. परदेशी पुस्तके महाग, म्हणून राजारामन यांनी वर्गातील टिपणे वाढवून पुस्तक केले. ते १९६९ साली विद्यार्थ्यांना परवडेल अशा किमतीत निघाले. पुढील पिढ्यांतील कितीतरी मुलांनी संगणक पाहण्याआधी ही पुस्तके पाहिली. १९६५ साली पदव्युत्तर अभियांत्रिकीत संगणकशास्त्र शिकवण्यास तेथे आरंभ झाला.

हे शिकणे कसे होते, हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. यंत्रापुढे आजच्यासारखा पडदा नव्हता. एक जाड कागदाचे कार्ड, त्यात ऐंशी रकाने, आणि भोके पाडून त्यावर एक आज्ञा लिहायची. गणित सोडवायचे तर अशा कार्डांचा गठ्ठा क्रमाने लावायचा. एक स्वल्पविराम चुकला की यंत्र गठ्ठा परत करणार. मग चूक शोधा, कार्ड बदला, पुन्हा रांगेत उभे राहा. या पद्धतीने मुलगा मुख्यतः कामाची फोड करायला शिकला. मोठे काम लहान पायऱ्यांत तोडायचे, प्रत्येक पायरी अशी स्पष्ट सांगायची की सांगितल्यापलीकडे काहीही न समजणाऱ्या यंत्रालाही ती कळावी. आता हेच काम आमच्या गिरणीत कोण करी? हातात घड्याळ घेऊन साच्याजवळ उभा राहणारा टाइम-स्टडीवाला. तो कामगाराच्या हालचालींची फोड करी आणि कामगार त्याच्याकडे संशयाने पाही. तसे पाहण्याला त्याच्याकडे सबळ कारणही होते. कानपूरच्या वर्गात फरक एवढाच होता, की कामाची फोड करणारा आणि काम करणारा हे दोघे एकच होते. सर्व शिक्षणाचे सार मला त्या एका गोष्टीत दिसते.

आणि म्हणूनच हे शिक्षण टिकले. १६२० गेले, त्यानंतरचे ७०४४ गेले, कार्डेही गेली; पण ज्याने कामाची फोड करणे शिकले त्याला दुसरी भाषा, दुसरे यंत्र शिकायला फारसा वेळ लागला नाही. असाच दुसरा प्रयत्न कलकत्त्याला झाला. जाधवपूर विद्यापीठाने सांख्यिकी संस्थेच्या जोडीने १९६६ साली स्वतः एक संगणक बांधून चालू केला. जाधवपूरचे मूळ १९०६ च्या राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांना हात काळे करण्याची लाज का वाटली नाही ते समजते.

पण ही बेटे होती. बाकीच्या देशात संगणकाचे नाव निघाले ते वेगळ्याच स्वरात, आणि येथे माझ्या चळवळीचा संबंध येतो. आयुर्विमा महामंडळाने १९६० च्या दशकात संगणक मागवले, तेव्हा विमा कर्मचारी पेटून उठले. कलकत्त्यात इलॅको हाऊस या इमारतीत यंत्र बसू नये म्हणून त्यांनी पहारे दिले. आजचे तरुण हे ऐकून हसतात. संगणकाला विरोध करणारी ही माणसे किती मागासलेली, म्हणतात. त्यांना माझे सांगणे आहे, की त्या वेळचा कारकून मूर्ख नव्हता. एक यंत्र किती माणसांची बेरीज-वजाबाकी करते, हा हिशेब त्याने मांडला होता आणि तो बरोबर होता. नोकरी गेली तर दुसरी मिळण्याची आशा नव्हती. सरकारलाही हा प्रश्न टाळता आला नाही. १९६९ साली स्वयंचलनाविषयी समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर होते, दारिद्र्याचे माप घेणारे आपले अर्थशास्त्रज्ञ. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. यंत्र आणायचे तर कामगारांना विश्वासात घेऊन आणावे, हा विचार त्यामुळे सरकारी दप्तरात मान्य झाला.

त्याचे फळ पुढे बँकांत दिसले. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँकांची असोसिएशन आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला. किती यंत्रे आणायची याला मर्यादा, यंत्रामुळे कोणाची भाकरी जाणार नाही याची हमी, आणि यंत्रावर बसणाऱ्याला वेगळा भत्ता. १९८७ आणि १९९३ साली पुढचे करार झाले आणि प्रत्येक वेळी दार थोडे थोडे अधिक उघडले. या करारांचे मोल मी जाणतो. चाळीस-पन्नास वर्षांचा, खातेवही लिहून बोटाला घट्टा पडलेला कारकून बँकेच्या वेळात, बँकेच्या खर्चाने यंत्र शिकला. त्याला क्लास लावावा लागला नाही, सोने गहाण टाकावे लागले नाही. संघटना असली म्हणजे शिकण्याचा खर्चसुद्धा मालकाच्या खात्यावर पडतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

मात्र करारात जे नव्हते तेही सांगितले पाहिजे. नोकरीत असलेल्या माणसाचे शिक्षण त्यात होते. नोकरीच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्याच मुलाचे नव्हते. तो मुलगा त्या वेळी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि त्याच्या महाविद्यालयात संगणक नव्हता. चळवळीने त्या मुलाकडे पाहिले नाही, सरकारने उशिरा पाहिले, आणि बाजाराने मात्र तत्काळ पाहिले.

१९७८ मध्ये आयबीएम कंपनी देश सोडून गेली आणि देशी कंपन्यांची लहान यंत्रे बाजारात येऊ लागली. एवढी यंत्रे चालवणार कोण, हा प्रश्न पडल्यावर केंद्र सरकारने कानपूरच्या त्याच राजारामन यांच्या अध्यक्षतेखाली मनुष्यबळाचा विचार करणारी समिती बसवली. त्यांनी एक दूरदृष्टीची गोष्ट सुचवली. व्यवहारातील संगणकाचे काम अभियंत्यांपुरते राहणार नाही. विज्ञान-वाणिज्याच्या पदवीधराला तीन वर्षांचा स्वतंत्र अभ्यासक्रम द्यावा. त्यातून एमसीए ही पदवी १९८० च्या दशकाच्या आरंभी विद्यापीठांत पसरू लागली. १९५५ पासून मोजा: पंचवीसहून अधिक वर्षे. गिरणीच्या वेळी तेहतीस लागली होती. एवढी प्रगती झाली म्हणावयाची!

याच सुमारास मुंबईत काय चालले होते? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले, आणि त्यांतील पुष्कळांना परत कामावर जाणे नशिबी आले नाही. एकीकडे भोंगे बंद पडत होते. दुसरीकडे दिल्लीत १९८१ साली एनआयआयटी, मुंबईत १९८६ साली अ‍ॅप्टेक अशा संगणक शिकवणाऱ्या कंपन्या उभ्या राहत होत्या. १९८३ साली वसंतदादा पाटील यांनी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामुळे बाहेरच्या राज्यांत जाणारी आपली मुले येथे शिकली हे खरे; देणगीच्या नावाखाली जे सुरू झाले ते आवरायला १९८७ साली कायदा करावा लागला हेही खरे. ज्या घरातला पगार बंद झाला होता त्या घराला यांतले एकही दार सहज उघडणारे नव्हते.

असा एक क्लास १९९० च्या सुमारास मी पाहिला आहे. आमच्या गावात तो नवीनच निघाला होता. नाव सांगण्यात अर्थ नाही, तो आता अस्तित्वातही नाही. दारात चपला काढून आत जायचे. खाली गालिचा, खिडक्या बंद, थंड हवा, आणि यंत्रांवर मखमलीचे आच्छादन. देवघरच म्हणा ना! माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका साच्यावाल्याने मुलीला तेथे घातले. फी त्याच्या तीन पगारांइतकी. यंत्रे चार आणि मुले चाळीस, म्हणून तिच्या वाट्याला आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास येई, बाकीचे फळ्यावर. शिकवले काय? वर्डस्टार, लोटस आणि डीबेस यांच्या कळा कोणत्या क्रमाने दाबायच्या ते. वर्षभराने रंगीत प्रमाणपत्र मिळाले. पुढे चार-पाच वर्षांत कचेऱ्यांत विंडोज आले आणि ती कळांची यादी निरुपयोगी झाली. मुलगी हुशार होती, टायपिंग येत होते, तिने निभावून नेले. पण तिला कोणी कामाची फोड करणे शिकवले नव्हते. कळा शिकवल्या होत्या. कानपूरच्या दहा दिवसांत जे मिळे ते येथल्या वर्षभरात नव्हते.

सगळेच क्लास असे होते असे मी म्हणत नाही. जुनी कोबोल भाषा नीट शिकलेल्या मुलांना सन २००० च्या तारखांचा घोळ निस्तरण्यासाठी एकाएकी परदेशातून बोलावणी आली, आणि त्यांतली काही क्लासमध्येच शिकलेली होती. चांगले-वाईट ओळखायचे कसे, हा खरा प्रश्न होता. तो सोडवण्यासाठी सरकारने १९९० साली डोएक ही योजना काढली. संस्था खासगी असो, पण परीक्षा सरकारी. ओ, ए, बी, सी अशा चढत्या पातळ्या. टायपिंगच्या सरकारी परीक्षेचेच हे धाकटे भावंड. कल्पना उत्तम होती आणि परीक्षा कठीण होती. कठीण परीक्षेपेक्षा सोपे प्रमाणपत्र लोकांना जवळचे वाटते, त्याला काय करणार?

महाराष्ट्रात मोठे पाऊल पडले ते २००१ साली, महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले तेव्हा. त्यांचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आपल्या घराघरांत पोचला. त्याचे दोन गुण मी मोकळेपणाने मान्य करतो. तो मराठीत शिकता येतो, आणि तो तालुक्याच्या गावी, मोठ्या खेड्यात मिळतो. साठीच्या ग्रामसेवकाला आणि पंचविशीच्या सुनेला एकाच बाकावर बसवण्याचे काम त्याने केले. पण अर्थव्यवहार पाहा. सरकारी नोकरीला संगणकाची अर्हता लागणार ही अट सरकारची. ती पुरी करण्याची फी उमेदवाराची. शिवाय पदवी घेऊन बाहेर पडलेला मुलगा पुन्हा रस्ता ओलांडून संगणकाच्या केंद्रात जातो, याचा अर्थ तीन वर्षे महाविद्यालयाने काय केले, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

महाविद्यालयाला हे करता आले नसते असे नाही. आपल्याच महाराष्ट्रात साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली शिवाजी महाविद्यालय काढले आणि 'कमवा व शिका' ही योजना पदवीच्या मुलांना लागू केली. मुले काम करीत, त्या श्रमावर शिकत. हात आणि डोके यांच्यामधली भिंत कर्मवीरांनी पाडली होती. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने सगळ्या देशाला कार्यानुभवाचा उपदेश केला, तो त्यानंतर. कार्यानुभवाचे आपण काय केले हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. कागदी फुले आणि खडूच्या पेट्या. 'कमवा व शिका'च्या मुलांना पुष्कळ ठिकाणी आजही बागेला पाणी घालण्याचे आणि ग्रंथालयातली पुस्तके लावण्याचे काम देतात. काम वाईट नाही. पण त्याच महाविद्यालयाच्या प्रवेशाची नोंद, शुल्काचा हिशेब, ग्रंथालयाची सूची हे सारे संगणकावर चालते आणि ते बाहेरचा कंत्राटदार करतो. हे काम संगणकशाखेच्या मुलांच्या हाती, मास्तरांच्या देखरेखीखाली का देऊ नये, असे मी एका प्राचार्यांना विचारले होते. ते म्हणाले, चुका होतील. कानपूरला कार्डांचा गठ्ठा दिवसातून दहादा परत येत असे.

गेल्या काही वर्षांत वारे बदलले आहे. २००३ पासून तंत्रज्ञान संस्थांची व्याख्याने एनपीटीईएलमार्फत घरबसल्या फुकट ऐकता येतात. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेने २०२० साली बारावी झालेल्या कोणालाही, पात्रतेची पायरी ओलांडली की, आज्ञावली आणि विदाशास्त्राची पदवी दूरस्थ पद्धतीने घेण्याची सोय केली. त्याच वर्षी नवे शैक्षणिक धोरण आले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या अभ्यासातच शिकाऊ उमेदवारी गुंफण्याची मुभा दिली. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावीवाल्याला दरमहा ६०००, पदविकाधारकाला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, आरंभी सहा महिने. मालकाच्या दारी जाऊन यंत्र शिकायचे आणि त्याचे पैसेही मिळायचे, हे ऐकून माझ्यासारख्याला आनंद व्हायला हवा. तो होतो, पण मी कायदाही वाचतो.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर आणि पदविकाधारक अभियंते त्यात आले. या कायद्याचे अठरावे कलम म्हणते, की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी होय. कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. कलम मुळात वाईट हेतूने लिहिलेले नाही. विद्यार्थ्याला विद्यार्थी म्हणूनच वागवावे असा त्याचा अर्थ. पण विद्यार्थी म्हणवून त्याला शिकवायचे नाही आणि कामगार नाही म्हणून त्याला मजुरी द्यायची नाही, अशी वाट त्यातून निघू शकते. आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी पाहिले. संगणकाची पदविका घेणारी सहा मुले, वर्षभर, गोदामात मालाच्या खोक्यांवरील पट्ट्या यंत्राने टिपत होती. त्या पट्ट्यांतली माहिती पुढे कोठे जाते, तिचे काय होते, हे त्यांना कोणी दाखवले नाही. कोणी विचारले तर प्रशिक्षण चालू आहे. मला चाळीतले काका-मामा आठवले, साच्याच्या बाजूला उभी राहिलेली बदली पोरे आठवली. निदान त्यांना साचा दिसत तरी होता.

आता तर विचार केल्यासारखे उत्तर देणारी यंत्रे आली आहेत. त्यांना कळा दाबायलाही माणूस लागत नाही, मराठीत सांगितले तरी पत्र लिहून देतात. क्लासवाल्यांच्या पाट्याही रातोरात बदलल्या. कालपर्यंत जेथे टॅली शिकवत होते तेथे आज कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवतात, तेही तीन आठवड्यांत. अशा यंत्राने दिलेला हिशेब बरोबर की चूक हे ओळखायला कामाची फोड आली पाहिजे, ती कोणत्या पायरीवर फसली ते बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. ही विद्या तीन आठवड्यांची नव्हे. तिला तीन वर्षे, बरा मास्तर आणि चुका करायला मोकळे यंत्र लागते, आणि या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवण्याची जागा म्हणून समाजाने महाविद्यालय बांधले आहे.

आमच्या संघटनेने यंदाच्या मागणीपत्रात, पगारवाढ आणि बोनस यांच्या खाली, एक नवे कलम घातले आहे. महाविद्यालयातून येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ मुलामुलीला आठवड्यातून सहा तास कारखान्याच्या संगणक विभागात, तेथल्या जाणत्या माणसाजवळ बसवावे; त्या माणसाला शिकवण्याचा भत्ता द्यावा; आणि वर्षाअखेर मुलाने काय शिकले ते कारखान्याने नव्हे, महाविद्यालयाच्या शिक्षकाने येऊन तपासावे. आमच्याच काही सभासदांनी विचारले, ही पोरे आपली सभासद नाहीत, वर्गणी देत नाहीत, त्यांच्यासाठी आपण का भांडायचे? सभा रात्री अकरापर्यंत चालली आणि कलम राहिले. व्यवस्थापनाबरोबर बैठक येत्या महिन्यात आहे.